शून्याची खिडकी

रंगाऱ्याकडे पाटी रंगवायला गेलेला माणूस पाटी तर घेऊन यायचाच, शिवाय हॉकी आणि फुटबॉल या दोन्ही खेळांवरची मतं पदरात पाडून घेऊन यायचा. मतं फुकट होती, पण नाकारायची सोय नव्हती. रंग वाळेपर्यंत गिऱ्हाईक जाणार कुठे? पाटी डॉक्टरांची असो, शिकवणीची असो, नाहीतर 'येथे गाडी लावू नये' असली असो, रंगारी एक अक्षर काढायचा आणि दोन वाक्यं बोलायचा. त्यामुळे लांबलचक मजकुराच्या पाट्या करून घेणाऱ्यांना खेळातलं जरा जास्तच कळायला लागलं होतं.

शहरात स्टेडियम एकच. वर्षातले काही महिने तिथे फुटबॉल क्लबचे सामने, काही महिने हॉकी क्लबचे. दोन्ही क्लब पगारी, दोन्हींचे खेळाडू ठिकठिकाणांहून वेचून आणलेले, आणि दोन्हींवर रंगाऱ्याचा जीव सारखाच. फक्त जीव लावायची त्याची तऱ्हा अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं याचं त्या क्लबांशी पिढीजात वैर आहे.

"फुटबॉलवाला पडला," तो सांगायचा, "की आधी पंच बघतोय का ते बघतो आणि मग कळवळतो. हॉकीवाला पडला की आधी स्टिक शोधतो. एवढ्यावरून माणसं ओळखा."

हे ऐकून हॉकीप्रेमी गिऱ्हाईक खुलायचं. की मग त्याची पाळी. "पण तुमच्या हॉकीवाल्यांना पोच नाही. चार-तीन, पाच-चार. हा काय सामना झाला? पाढे म्हणायला बसलेत का? फुटबॉल बघा. नव्वद मिनिटं जीव टांगणीला, आणि गोल एक. कधी कधी तोही नाही. खानदानी काम."

शून्य-शून्य हा त्याच्या मते खेळातला सर्वांत देखणा निकाल. एक-शून्य चालवून घेण्यासारखा. त्यापुढचा सगळा उधळेपणा. "गोल काय, कोणीही करतो. गोल होऊ न देणं, तिथे अक्कल लागते," असं म्हणून तो ब्रश डब्याच्या काठावर निथळायचा आणि पुढचं अक्षर हाती घ्यायचा.

शेजारच्या सलूनवाल्याला हे अजिबात पटायचं नाही. तो आक्रमणाचा भक्त. रंगाऱ्याचा आवाज कानावर पडला, की गिऱ्हाइकाच्या गालांना साबण फासून तो तसाच रंगाऱ्याच्या उंबऱ्यात भांडायला यायचा, आणि तिकडे गिऱ्हाईक फेस वाळवत बसायचं. पण भांडणात शेवटी नमतं घ्यावं लागायचं ते सलूनवाल्यालाच, कारण रंगाऱ्याजवळ एक हुकमी वाक्य होतं. "तू बाहेरचा. मी आतला माणूस आहे."

ते खरंही होतं. सामन्याच्या दिवशी स्टेडियमचा गुणफलक रंगारीच चालवायचा. सव्वीस वर्षं झाली, एक सामना त्याने चुकवला नव्हता आणि एक आकडा चुकवला नव्हता.

फलक जुन्या पद्धतीचा होता. मैदानाच्या लांबट बाजूला, बरोबर मधोमध, जाड फळ्यांची एक उंच खोली. खोलीच्या मैदानाकडच्या भिंतीत दोन मोठ्या चौकटी. डावी आपल्या संघाची, उजवी पाहुण्यांची. गोल झाला की टेबलावरचा अधिकारी बटण दाबायचा आणि आत घंटा वाजायची. एक टोला म्हणजे आपला गोल, दोन टोले म्हणजे पाहुण्यांचा. मग रंगाऱ्याने त्या आकड्याचा पत्रा उचलून आतून हुकांवर टांगायचा. आकडे त्यानेच रंगवलेले, एक ते नऊ, दोन जोड. शून्याचा पत्रा मात्र नव्हता. फार पूर्वीच्या कुठल्याशा व्यवस्थापकाने ठरवून टाकलं होतं, की शून्य म्हणजे काही नाही, आणि काही नाही हे दाखवायला पत्रा कशाला वाया घालवायचा. रिकामी चौकट म्हणजे शून्य. प्रेक्षकांच्याही ते अंगवळणी पडलेलं.

आता रंगाऱ्याच्या मतांमागचं गुपित सांगून टाकतो, कारण त्याने स्वतः ते मेल्यावरसुद्धा सांगितलं नसतं. त्या खोलीतून मैदान दिसायचं ते फक्त त्या दोन रिकाम्या चौकटींतून. दोहोंच्या मध्ये भला थोरला खांब, त्यामुळे डावीतून मैदानाचा डावा अर्धा भाग दिसायचा, उजवीतून उजवा. गोल झाला की पत्रा लागला, आणि पत्रा लागला की खिडकी बंद. आपला गोल झाला की अर्धं मैदान गेलं. पाहुण्यांचाही झाला की उरलेलं गेलं, आणि मग रंगाऱ्याने अंधारात स्टुलावर बसून घंटेची वाट बघायची. मागे एकदा हॉकीच्या सामन्यात चौथ्या आणि सहाव्या मिनिटाला दोन्हीकडून गोल झाले होते. तो सामना क्लबच्या इतिहासातला सर्वांत रंगतदार म्हणून लोक अजून सांगतात. रंगाऱ्याने तो कानांवर काढला.

म्हणून शून्य-शून्य. म्हणून बचाव थोर, म्हणून फुटबॉल खानदानी आणि हॉकी उधळी. दोन भोकांतून एवढं तत्त्वज्ञान निघालं होतं, आणि वर्षं लोटली तसा त्याचा उगम खुद्द तत्त्वज्ञही विसरून गेला होता. फुटबॉल संघाच्या मुख्य आघाडीवीराबद्दल तर त्याचं ठाम मत होतं, की हा गडी अर्धाच सामना खेळतो. पूर्वार्धात दिसतो, उत्तरार्धात गायब. दम पुरत नाही. एक दिवस हा आघाडीवीर नव्या घराच्या नावाची पाटी करून घ्यायला दुकानात आला. जवळून कधी बघितलेला नसल्यामुळे रंगाऱ्याने त्याला ओळखलं नाही, आणि पहिल्या अक्षरापासून त्याचीच खरडपट्टी काढायला घेतली.

"मग उत्तरार्धातले गोल कोण करतं, काका?" आघाडीवीराने अदबीने विचारलं.

"होतात आपोआप," रंगारी म्हणाला.

आघाडीवीराने पाटी वाळेपर्यंत सगळं निमूट ऐकून घेतलं आणि वेळ होता म्हणून शेजारी दाढीला गेला. तिथे उलगडा झाला. सलूनवाल्याला तो विषय वर्षभर पुरला.

या तत्त्वज्ञानाचा एक परिणाम मात्र चांगला हाडामांसाचा होता. रंगाऱ्याची लेक गोलकीपर झाली होती. दुकानामागच्या अंगणात रंगाचे दोन रिकामे डबे ठेवून त्याने तिला पाच वर्षांची असताना मध्ये उभं केलं आणि एकच गोष्ट शिकवली. "येऊ द्यायचा नाही. बास." बाकीची मुलं गोल करून नाचायची, ही पोरगी गोल अडवून नाचायची. शाळेच्या हॉकी संघात तिला कोणी विचारलंसुद्धा नाही, सरळ गोलात उभं केलं.

पण रंगाऱ्याचा एक मोठा दोष होता. त्याचा चेहरा. मनात येईल ते तोंडावर उमटायचं. शाळेच्या सामन्यात तो गोलाच्या मागे उभा राहायचा, आणि चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर असताना याचे डोळे विस्फारलेले, हात कपाळावर. अकरा वर्षांची असताना एका सामन्यानंतर ती बूट हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही येत जाऊ नका. चेंडू यायच्या आधीच तुमच्या तोंडावर गोल झालेला असतो."

त्याला ते लागलं. पण खोटं नव्हतं, म्हणून तो जायचा बंद झाला. त्यानंतरची अकरा वर्षं त्याने लेकीला खेळताना बघितलं नाही. बघायची बायको. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, नजर बारीक, पण खेळाच्या बाबतीत सगळा आनंद. सामना बघून आली की रंगारी दारातच गाठायचा.

"कशी खेळली?"

"छान खेळली. मोजे फार मळले."

"अगं, अडवले किती?"

"पुष्कळ अडवले. एकदा पडली, पण उठली लगेच."

एवढ्या शिदोरीवर त्याने अकरा वर्षं ढकलली.

मग हॉकी क्लबने बायकांचा संघ काढला आणि लेकीची निवड झाली. पण राखीव म्हणून. पहिली गोलकीपर दांडगी होती, ना आजारी पडायची ना थकायची. लेक दोन हंगाम बाकावर बसून राहिली, आणि बाकं नेमकी फलकाच्या खालच्या अंगाला, त्यामुळे ती नुसती बसलेलीसुद्धा बापाला दिसायची नाही. तिचा करार या हंगामापुरताच होता. पुढे ठेवतील की नाही, ते कोणीच सांगत नव्हतं. आणि अशात, शेवटच्या सामन्याच्या तीन दिवस आधी, पहिल्या गोलकीपरचं सरावात बोट मोडलं.

लेक संध्याकाळी घरी आली, दारात बूट काढता काढता म्हणाली, "शनिवारी मी उभी राहतेय," आणि आत हात धुवायला गेली. आई तिच्या मागोमाग धावली. रंगारी जागच्या जागी दोनदा फिरला.

"मी सुट्टी टाकतो," तो म्हणाला. "पाट्या काय, एक दिवस कोणीही लावेल."

लेक टॉवेलला हात पुसत बाहेर आली. "बाबा, नको. तुम्ही पाटीमागेच बरे."

"मी लांब बसेन. सगळ्यात वरच्या पायरीवर."

"तुमचा चेहरा वरच्या पायरीवरूनही दिसतो," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण म्हणाली. "हा सामना जिंकला तर विजेतेपद आहे. मला एकच संधी आहे, बाबा."

"बरं," रंगारी म्हणाला. जेवताना त्याने तीच भाजी तीनदा वाढून घेतली, यावरून बायकोने काय ते ओळखलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका दातांच्या डॉक्टरांची पाटी रंगवताना त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. लेक उजव्या गोलात असली तर दिसणार पाहुण्यांच्या खिडकीतून. ती खिडकी उघडी राहणं तिच्याच हातात. उत्तम. पण मध्यंतराला बाजू बदलतात. एक अर्ध ती डाव्या गोलात असणार, म्हणजे दिसणार ती आपल्या संघाच्या खिडकीतून. आणि आपला गोल झाला की ती खिडकी बंद. म्हणजे लेक दिसायला हवी असेल तर आपल्या संघाने गोल करता कामा नये. आणि गोल केला नाही तर जिंकणार कसे? ब्रशावरचा रंग ओघळून मनगटापर्यंत आला तेव्हा तो भानावर आला.

"शनिवारी किती गोल घालणार आपल्या पोरी?" सलूनवाल्याने उंबऱ्यातून विचारलं.

"घालतील. घाई काय आहे," रंगारी म्हणाला. त्याला इतका पडेल आवाज काढताना सलूनवाल्याने कधी ऐकलं नव्हतं. तो भांडायचं सोडून परत गेला आणि त्याने गिऱ्हाइकाची दाढी एका दमात पुरी केली.

शनिवारी दुपारी स्टेडियम भरलं. रंगारी तासभर आधीच खोलीत जाऊन बसला. पत्रे पुसून झाले, हुक ओढून बघितले, स्टूल डाव्या खिडकीशी नेलं, मग उजव्या खिडकीशी नेलं, मग मध्ये ठेवलं. संघ आत आले. नाणेफेक झाली. आणि पायांना जाडजूड पॅड, अंगावर चिलखत, हातात हेल्मेट अशी एक आकृती डुलत डुलत डाव्या गोलाकडे निघाली. ती चालण्याची ढब त्याने शंभरात ओळखली असती. रंगारी डाव्या चौकटीला नाक लावून उभा राहिला.

तिने दोन्ही खांबांना स्टिक टेकवली, हेल्मेट घातलं, गुडघ्यांत वाकली. बारा मिनिटं त्याने तिला बघितली. खरं सांगायचं तर त्या बारा मिनिटांत तिच्याकडे एकच चेंडू आला, तोही मरतुकडा, पण रंगाऱ्याला त्यात बघण्यासारखं खूप काही सापडलं. ती बचावातल्या पोरींना सतत काहीतरी सांगत होती, हात करून जागा दाखवत होती. घरात चार शब्द बोलायची मारामार, आणि इथे दहा जणींवर हुकूम चालवतेय. त्याला भारी गंमत वाटली.

तेवढ्यात मागे घंटा वाजली. एक टोला.

सव्वीस वर्षांची सवय हातांत मुरलेली. डोकं काही म्हणायच्या आत हातांनी एकचा पत्रा उचलला आणि हुकांवर टांगलासुद्धा. डावी खिडकी काळी झाली. बाहेर स्टेडियम आनंदाने उसळलं होतं, सलूनवाला कुठेतरी बेंबीच्या देठापासून ओरडत असणार, आणि आपला संघ पुढे गेल्यावर तोंड पाडून बसलेला माणूस अख्ख्या स्टेडियममध्ये एकच होता. "बाराव्या मिनिटाला," तो स्टुलावर बसत पुटपुटला. "काय अडलं होतं यांचं?"

मध्यंतरापर्यंत त्याने उजव्या खिडकीतून आपल्या आघाडीच्या पोरींना बघितलं, आणि एरवी ज्यांच्यावर त्याने दहा मतं दिली असती त्यांच्याबद्दल त्याला एकही सुचलं नाही.

मध्यंतर झालं, बाजू बदलल्या, आणि लेक उजव्या गोलात आली. आता खेळ त्याच्या बाजूचा होता. पाहुण्यांचं शून्य शाबूत, खिडकी सताड उघडी, आणि पाहुण्या पोरी एक गोल मागे असल्यामुळे चवताळून तिच्यावर चाल करून येत होत्या. पहिला फटका तिने पायाने परतवला. दुसरा आडवा पडून स्टिकने बाहेर काढला. तिसरा असा वर उसळलेला, की रंगाऱ्याच्या तोंडावर तर गोल होऊनही गेला, हात कपाळावर गेले, आणि तिने डावा हात वर करून तो चेंडू सहज खांद्यावरून ढकलून दिला. माशी हाकलावी तसा. रंगारी हसायला लागला. एकटाच त्या अंधाऱ्या खोलीत तो पोट धरून हसत होता आणि डोळे पुसत होता, कारण डोळे भरले की दिसायचं बंद होतं आणि ते त्याला परवडणारं नव्हतं. अकरा वर्षं बायको 'छान खेळली' म्हणत होती. बायकोला काही कळत नव्हतं. ही पोरगी छान खेळत नव्हती, ही पोरगी जबरदस्त खेळत होती.

शेवटची नऊ मिनिटं उरली असताना पाहुण्यांनी लांबून एक फटका मारला. ती बरोबर त्याच्या रेषेत होती. पण आपल्याच बचावातल्या एकीच्या स्टिकला लागून चेंडूने दिशा बदलली आणि तो दुसऱ्या कोपऱ्यातून आत गेला.

दोन टोले.

रंगाऱ्याने पाहुण्यांचा एकचा पत्रा उचलला. खिडकीपर्यंत नेला. आणि तिथे त्याचे हात थांबले. पत्रा लावला की संपलं. उरलेली नऊ मिनिटं, कदाचित तिच्या या मैदानावरची शेवटची नऊ मिनिटं, पत्र्याच्या पलीकडे जाणार. तो पत्रा छातीशी धरून तसाच उभा राहिला आणि चौकटीतून लेकीकडे बघत राहिला.

आधी पाहुण्यांचे पाठीराखे ओरडले. मग सगळेच ओरडायला लागले. "पाटी, पाटी" असा गजर सुरू झाला. कोपऱ्यातला टेलिफोन खणखणला. व्यवस्थापकच असणार. पंच फलकाकडे बोट दाखवत टेबलाशी काहीतरी बोलत होत्या. त्या गोंधळात सगळ्या मैदानाने माना वळवल्या, आणि लेकीनेही वळवली. पाहुण्यांच्या शून्यात तिला एक चेहरा दिसला. कपाळावर आठ्या, डोळे ताणलेले, तोंड अर्धवट उघडं. अकरा वर्षांपूर्वी गोलाच्या मागे उभा असायचा तोच.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग हातमोजा घातलेला जाडजूड हात वर करून तिने हवेत एक चौकोन काढला आणि तळहात खाली दाबला. लावा.

रंगाऱ्याने पत्रा लावला.

मग ती नऊ मिनिटं. रंगाऱ्याच्या आयुष्यात एवढा लांब सामना झालेला नाही. दोन्ही खिडक्या बंद, खोलीत फळ्यांच्या फटींतून येणारा उजेड, आणि स्टुलावर बसलेल्या माणसाच्या मनात एकच गोष्ट घोळतेय. तिने माझा चेहरा बघितला. नको तेव्हा बघितला. तिची एक संधी होती आणि मी तिथेही जाऊन तोंड घातलं. बाहेर आवाज चढत होता, उतरत होता. दरवेळी आवाज उजवीकडे चढला की तो दोन टोल्यांच्या भीतीने खांदे आवळून घ्यायचा. एकदा आवाज अगदी टोकाला गेला, थबकला, आणि त्यातून टाळ्या फुटल्या. तिने काहीतरी अडवलं होतं. काय, कसं, ते बायकोला विचारूनही कळणार नव्हतं.

शेवटी वेळ संपल्याचा भोंगा वाजला. बरोबरी. विजेतेपद गेलं. पण लोक उठत नव्हते, आणि रंगाऱ्यालाही लगेच लक्षात आलं. भोंग्याच्या आधी आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला असणार. वेळ संपली तरी तो पुरा खेळू देतात. आवाज आता डावीकडे गोळा झाला होता आणि एकाएकी पूर्ण थांबला. त्या शांततेत त्याला चेंडूवर बसलेला फटका स्वच्छ ऐकू आला, आणि त्यामागून फळीवर आदळल्याचा ठक्क आवाज. हॉकीच्या गोलात फळी असते. त्या आवाजाचा अर्थ घंटेने सांगायच्या आधीच त्याला कळला.

एक टोला.

हात पुन्हा सवयीने पुढे झाले. दोन लावायचा तर आधी एक काढायला हवा. त्याने डाव्या चौकटीतला पत्रा उचलून खाली ठेवला, दोनचा पत्रा घेतला आणि वर बघितलं. समोर मैदान होतं. मैदानाचा अख्खा डावा भाग, उन्हात न्हालेला. सव्वीस वर्षांत त्याने असे हजारो पत्रे बदलले होते, पण ते चार क्षण खिडकी उघडी असते हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्याची नजर कायम पुढच्या पत्र्यावर असायची. म्हणजे गोल झाल्यावर खिडकी उघडतेही. आपलं सगळं तत्त्वज्ञान एका ठोक्यात कोसळलं हे त्याला तिथल्या तिथे कळलं, आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटलं नाही.

डाव्या कोपऱ्यात पोरींचा ढीग झाला होता. आणि पार पलीकडच्या टोकाकडून, जाड पॅडमधून जमेल तशी पाय फेकत, हेल्मेट कधीच कुठेतरी टाकून दिलेलं, अशी ती अख्खं मैदान धावत चौकटीत शिरली. तिने त्या ढिगावर स्वतःला झोकून दिलं. रंगारी दोनचा पत्रा हातात धरून बघत राहिला. फलकावर आपला संघ शून्य, पाहुणे एक. पण आता कोणी ओरडत नव्हतं. सगळ्यांना आकडा पाठ झाला होता.

ढिगातून बाहेर पडल्यावर लेकीने फलकाकडे बघितलं. मग ती सरळ त्याच्या दिशेने चालत आली आणि खिडकीच्या खाली येऊन उभी राहिली. गाल लालभडक, केस घामाने चिकटलेले.

"बाबा, दोन लावा. जिंकलो आपण."

"लावतो," तो म्हणाला. "तो आत गेला ना, तो तुझा नव्हता. स्टिकला लागून वळला. तू बरोबर उभी होतीस."

"म्हणजे तुम्ही बघत होतात."

"शून्य होतं तोवर," रंगारी म्हणाला. "शून्य असलं की इथून दिसतं."

लेकीने त्या रिकाम्या चौकटीकडे बघितलं, शेजारच्या पाहुण्यांच्या एकाकडे बघितलं, आणि मग अंगणातल्या डब्यांपासूनचं सगळं तिला एकदम उमगलं. ती हसायला लागली. पॅडमुळे नीट वाकता येईना, तर सरळ गवतावर बसून हसली.

"एकही येऊ द्यायचा नाही म्हणे," ती म्हणाली. "आणि मला वाटायचं बचावाची केवढी जाण आहे माझ्या बापाला."

"जाण आहेच," रंगारी जरा घुश्शात म्हणाला.

ती उठून उभी राहिली आणि वर बघत म्हणाली, "मी तुमचं तोंड बघितलं तिथून. त्यानंतर तीन अडवले."

"खरंच?"

"तीन. पुढच्या वेळी आईशेजारी बसा. तोंड जसं करायचं तसं करा."

मागे टेलिफोन पुन्हा वाजायला लागला होता. रंगाऱ्याने पत्रा पायाशी ठेवला आणि चौकटीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून लेकीच्या डोक्यावर हात पोचतो का ते बघितलं. पोचत नव्हता. मग तिने स्टिक वर केली, आणि त्याने ती घट्ट धरली.